अण्णांचे कान

एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या वडिलांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. कान गेले, असं मी त्यांना पटवलं.

गाडीपासून सांगतो. खरं तर गाडीपाशीच थांबावंसं वाटतं — तिथवर माझं फारसं चुकलं नव्हतं. की तिथेच चुकलं होतं?

अण्णांचा पालघरला दवाखाना होता आणि मी तिथे औषधं बांधून देत असे. त्यांच्याकडे एक छोटीशी जुनी विलायती गाडी होती. सगळे तिला 'डबी' म्हणत. मुरबे, केळवे, दांडी — जिथून निरोप येईल तिथे अण्णा डबी घेऊन निघत. मग तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरच्या रस्त्याला ट्रकांची रीघ लागली. अण्णांची नजर अधू झालेली. एकदा एक ट्रकवालाच त्यांना घरी घेऊन आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी को समझाओ भाई, किसी दिन मेरे ही हाथ से मरेंगे."

समजावणं मला जमलं नाही. चाळिशीचा मी, दोन मुलांचा बाप — अण्णांसमोर तोंड उघडत नसे. म्हणून म्हटलं, इंजिन थकलंय, मुंबईला पाठवून दुरुस्त करून आणू.

ते काढायला केळव्याचा काशिनाथ आला. त्याची नारळ-सुपारीची वाडी होती आणि इंजिनांचा नाद होता. आमच्या परसात सागाचे तीन वासे उभे करून त्यानं साखळीची कप्पी टांगली. बॉनेट उतरवलं, रेडिएटरचं पाणी सोडलं, तारा सोडवल्या. अण्णा खुर्ची टाकून शेजारीच. "अरे सावकाश! डावीकडून धर! आपटशील!"

शेवटी काशिनाथ वैतागला. "डाक्टर, तुमी आमच्या बायकांची बाळंतपनं करता तवा आमी मधी बोलतो काय? गप बसा जरा!"

अण्णा पोट धरून हसले. साखळी मी ओढत होतो. इंजिन वर आलं, हवेत जरासं झुललं, आणि वजन गेल्यावर डबीचं तोंड हळूच वर उचललं गेलं. अण्णांचं हसू तिथेच थांबलं.

"लवकर आण रे परत," ते म्हणाले.

काशिनाथनं माझ्याकडे बघितलं. इंजिन मुंबईला जाणार नव्हतं. ते त्याच्या वाडीतल्या विहिरीवर पाणी खेचायला बसणार होतं.

पुढे मी म्हणत राहिलो — पिस्टन विलायतेहून येतात, आयात बंद आहे. त्या दिवसांत हे कुणालाही पटलं असतं. अण्णा रोज सकाळी डबी पुसत आणि टांग्यानं रोगी बघायला जात. इथवर निदान मला म्हणता येत होतं, की माणूस वाचला.

मग एकदा आम्ही केळव्याला गेलो. परतताना अण्णांनी वाटेत टांगा थांबवला. कुंपणापलीकडे पंप चालू होता.

"दिगू," ते म्हणाले, "ही आपली डबी."

मी घोड्याकडे बघत राहिलो.

"तिसऱ्या ठोक्याला अडखळते, बघ. पुन्हा — ऐकलंस?"

खाली उतरून कुंपणावरून डोकावले असते तर त्यांना दिसलं असतं. ते उतरले नाहीत. त्यांनी मला विचारलं. तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चिडले असते, चार दिवस अबोला धरला असता. एवढंच. आणि मी म्हणालो, "अण्णा, पंप आहे तो. तुमच्या कानांचं काही खरं नाही आता. परवाही त्या दांडीच्या म्हाताऱ्याच्या छातीत तुम्हाला भलतंच ऐकू आलं होतं."

परवा असं काही झालंच नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं — का, ते मला अजून कळलेलं नाही.

"असं?" ते म्हणाले. मग टांगेवाल्याला म्हणाले, "चल बाबा."

त्यानंतर ते रोग्याच्या छातीला नळी लावून फार वेळ बसू लागले. पुन्हा श्वास घे, पुन्हा घे. मुरब्याची एक बाई मुलाला घेऊन आली तेव्हा त्यांनी दोनदा तपासलं, आणि मग नळ्या माझ्या कानांत घातल्या. "उजवीकडे खाली. मला काहीतरी वाटतंय — पण तू सांग."

मला छातीतलं काय कळतं? मला फक्त माझंच रक्त वाजताना ऐकू आलं. वाटलं, त्यांना काहीतरी ऐकू येतंय असं म्हटलं तर त्यांचे कान ठीक ठरतील, आणि मग केळव्याचा तो पंप —

"काही नाही," मी म्हणालो. "साधा खोकला."

"डाक्टर, तुमाला काय वाटते?" बाईनं विचारलं. "माजा भरवसा तुमच्यावर हाय."

"हा म्हणतो तेच," अण्णा म्हणाले. मी खोकल्याचं औषध बांधून दिलं.

ते मूल श्रावणात गेलं. बातमी आली त्या दिवशी अण्णांनी दवाखान्याला कुलूप लावलं. नजर गेली म्हणून, असं लोकांना सांगितलं.

नंतर ते अंथरुणाला खिळले. बाहेर कुणी हाक मारली की मला विचारत, "कुणी आलंय का रे? की मलाच वाटलं?" खरोखरच कुणीतरी आलेलं असे. दरवेळी आलेलं असे. असं किती ऐकायचं?

एका दुपारी मी त्यांच्या पलंगाशी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. इंजिन, काशिनाथ, दांडीचा म्हातारा. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले.

"म्हणजे त्या मुरब्याच्या पोराच्या छातीत," ते म्हणाले, "मला ऐकू आलं ते होतं?"

"होतं, अण्णा. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं, आणि तरी मी काही नाही म्हणालो. तुमचे कान कधीच बिघडले नव्हते. मी खोटं बोललो. माझं चुकलं."