मॅडमची शुगर, माझी शुगर

"हिला काही नाही. लिहा, काहीच आजार नाही."

मॅडम बोलल्या आणि टेबलाशी बसलेल्या मुलीनं माझ्या नावापुढे लिहून टाकलं. शुगर, नाही. बीपी, नाही. दमा, नाही. मी तिथंच उभी होते, हातभर अंतरावर. मला तोंड होतं. मला कुणी विचारलं नाही.

"ही कामाची माणसं मजबूत असतात हो," मॅडम हसत म्हणाल्या. "यांना काय होतंय!"

कोरोनाची पहिली लाट ओसरली होती. मी जिथं स्वयंपाकाला जायचे त्या सोसायटीनं अँटिबॉडी तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. कुणाला आजार न कळता होऊन गेला, ते म्हणे रक्तावरून समजतं. आधी फ्लॅटवाले, हॉलमध्ये, कूलरसमोर. मग आम्ही बाया, पार्किंगमध्ये. आमचे फॉर्म मालकिणींनीच भरायचे, अशी तिथली रीत. गेटपासचा फॉर्म त्याच भरायच्या, म्हणून हाही त्यांनीच सांगून भरवला. मी सातवी पास आहे. नाव लिहिता येतं, आजारही लिहिता आला असता.

पण मी गप्प राहिले. शुगर आहे म्हटलं तर काम जाईल, ही भीती. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

मला शुगर आहे, चार वर्षांपासून. बीपीही. मॅडमनाही तेच दोन्ही. गोळीसुद्धा एकच. त्यांची सात खणांच्या डबीत, माझी कागदाच्या पुडीत. पण मॅडमच्या शुगरचे घरात लाड होते. रोज सकाळी साहेब स्वतः त्यांच्या बोटाला सुई टोचायचे. आकडा वाढला की सगळं घर हळू बोलायचं. मॅडमना दगदग नको. मॅडमना बाहेर पाठवू नका, त्या हाय रिस्क आहेत. पुण्याची मुलगी दिवसातून दोनदा फोन करून विचारायची, "आई, गोळी घेतली?"

मी पोळ्या लाटत हे ऐकायचे आणि जळायचे. खरंच सांगते. त्यांच्या पाटल्या बघून मला कधी काही वाटलं नाही, फ्लॅट बघूनही नाही. त्यांच्या आजाराचा मला हेवा वाटायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी पोरांच्या बाबतीत ऐकलं होतं. आजाराचंही तसंच असतं, हे त्या घरात कळलं. पाहुण्यांनी आणलेली संत्राबर्फी माझ्या डब्यात पडायची. "मला चालत नाही गं, तू ने. तुला काय होतंय!"

रिपोर्ट आले. मला कुणी दिला नाही. मॅडम बहिणीशी फोनवर बोलत होत्या, ते ऐकलं. "माझ्यात निघाल्या अँटिबॉडीज. आमच्या बाईच्याही निघाल्या. ह्यांच्यात नाहीत." म्हणजे मधे मी आठ दिवस तापानं पडले होते, तो कोरोना होता. त्या आठ दिवसांबद्दल मी खाडे केले म्हणून बोलणी खाल्ली होती.

रक्त घेणाऱ्या मुलीनं सगळ्यांना बजावलं होतं, "अँटिबॉडी निघाल्या म्हणून बिनधास्त राहू नका. पुन्हा होऊ शकतो. शुगर-बीपीवाल्यांनी तर जपायचंच." मॅडमनी ते नीट लक्षात ठेवलं, स्वतःपुरतं.

दोन महिन्यांनी साहेबांना ताप आला. कोरोना निघाला. डॉक्टरांनी घरीच, वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितलं. मी सकाळी पोचले तर मॅडमनी माझ्या हातात ताट दिलं आणि वाफेचं मशीन दिलं.

"आता साहेबांचं तूच बघायचं. आत जा, जेवू घाल, अंग पुसून दे. तुझ्यात अँटिबॉडीज आहेत."

"तुमच्यातबी हायत ना, मॅडम."

"मला शुगर आहे!"

"मलेबी हाय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. जणू मी त्यांच्या कपाटातलं काही चोरून अंगावर घातलं होतं.

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं काहून नाही? मी बाजूलेच उभी होती. तुम्ही माह्या समोर ‘नाही’ लिहवून देलं."

आत साहेब खोकले. माणूस वाईट नव्हता. मला कधी अरे-तुरे केलं नाही. खोटं कशाला बोलू, माझा पाय आत निघालाच होता. इतक्या वर्षांची सवय. सांगितलं की जायचं. पण त्याच वेळी वाटलं, ह्यांना जपायला अख्खं घर आहे. मला कोण आहे? नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. घरी दोन पोरी. मी मेले तर त्या कुणाच्या दारात उभ्या राहतील?

ताट मी ओट्यावर ठेवलं.

"सैंपाक करून देतो. आत जात नाही. मले काही झालं तर माह्या पोरीयले पाहाले कोन हाय?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

जिना उतरताना दोनदा कठडा धरला. वस्तीत शेजारीण म्हणाली, "काहून वं, गप राहिली असती तं काय झालं असतं?" गप्प राहूनच तर इथवर आले, तिला म्हटलं.

मॅडमचा हेवा अजून वाटतो. तो जावा असं मला वाटतही नाही. त्यांच्या जिवाला जी किंमत आहे ती मला माझ्या जिवाला हवी आहे. उरलीसुरली नको, तेवढीच हवी.

त्यानंतर मी काम मागायला निघाले. प्रत्येक दारात पगाराचं बोलण्याआधी हेच बोलले, "मले शुगर हाय, बीपी हाय. दवाखान्याच्या दिवशी येणार नाही. आजाऱ्याच्या खोलीत जाणार नाही. जमत असन तं बोला." पहिलीनं दार लावलं. दुसरी म्हणाली, फारच बोलते ही. तिसरीनंही दार लावलं.

मी चौथ्या दाराची बेल दाबली. दार उघडलं, आणि मी पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा बोलले.