प्रश्न बदलला, उत्तर जुनंच राहिलं

"सर, स्वल्प बघा की. सतराव्या प्रश्नाचं आन्सर चुकलंय वाटतं."

भार्गवी जाधव टेस्टचा पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. वर्गात चाळीसेक मुलं होती. मार्क नुकतेच लागले होते आणि त्यांवरून अकरावीच्या बॅचेस ठरणार होत्या. ए बॅचला अवघड प्रश्न आणि सगळ्यांचं लक्ष. बी बॅचला जे उरेल ते. भार्गवी तीन मार्कांनी बीमध्ये गेली होती. एका प्रश्नाला चार मार्क, चुकला तर एक वजा. म्हणजे सतरावा बरोबर धरला असता तर तिचे पाच मार्क वाढले असते आणि ती एमध्ये बसली असती.

मी बेंगळुरूत एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. वीस वर्षं झाली. शिकवण्याइतकंच काम सरावाचे प्रश्न तयार करण्याचं असतं. रिॲक्शनचा वेग, इक्विलिब्रियम, थर्मोडायनॅमिक्स, दर आठवड्याला नवा सेट. नवे प्रश्न कसे बनतात ते आम्ही पालकांना सांगत नाही. जुनी फाइल उघडायची, एखादा आकडा किंवा शब्द बदलायचा, सेव्ह करायचं. आकडा बदलला की उत्तर पुन्हा काढावं लागतं, हे कुणालाही कळतं. शब्द बदलला की तेवढी काळजी राहत नाही.

सतरावा प्रश्न असाच बनला होता. एका भांड्यात एक रंगहीन वायू आहे. त्याचा एक कण फुटून तपकिरी वायूचे दोन कण होतात, आणि ते दोन पुन्हा जुळून एक होतो. दोन्ही क्रिया सारख्याच वेगाने चालल्या की बाहेरून काहीच बदलताना दिसत नाही. याला इक्विलिब्रियम म्हणतात. आता त्यात आरगॉन सोडला. हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, कशाशीच रिॲक्शन करत नाही. मग तपकिरी वायूचं प्रमाण वाढेल, घटेल की तेवढंच राहील?

भांडं पक्कं बंद असेल तर तेवढंच राहील. पण भांड्याला वरखाली सरकणारा पिस्टन असेल, म्हणजे आतला दाब कायम राहणार असेल, तर आरगॉन आत आल्यावर पिस्टन वर सरकतो. जागा वाढते. जास्त जागा मिळाली की एकाचे दोन होणं सोपं जातं आणि तपकिरी वायू वाढतो. जुन्या प्रश्नात 'कॉन्स्टंट व्हॉल्यूम' होतं, म्हणजे पक्कं भांडं. मी त्याचं 'कॉन्स्टंट प्रेशर' केलं, म्हणजे पिस्टन. आणि आन्सर कीमध्ये 'नो चेंज' तसंच ठेवलं. भार्गवीने 'वाढेल' लिहिलं होतं.

मी तिचा पेपर हातातही घेतला नाही. का घेतला नाही, ते सांगायला अजून जड जातं. मी निपाणीचा. वर्गात इंग्रजी, स्टाफरूममध्ये कन्नड, मराठी फक्त घरी. भार्गवीचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून इथलंच, बनशंकरीत वडिलांचं बटणं-लेस-अस्तराचं दुकान. माझं आडनाव कळल्यापासून ती जिन्यात वगैरे भेटली की मराठीत बोलायची, मध्येच 'थोडं'ऐवजी कन्नड 'स्वल्प' म्हणायची. मला ते आवडायचं. पण त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ती मराठीत बोलली आणि मला वाटलं, ही घरची भाषा काढून मार्क मागतेय. मी आपल्या माणसांना झुकतं माप देत नाही, हे चाळीस मुलांना दाखवायची मला खुमखुमी आली.

मी मुद्दाम इंग्रजीत म्हणालो, "आरगॉन इज इनर्ट, भार्गवी. हाऊ विल इट चेंज एनीथिंग?"

"पण सर, इथं प्रेशर कॉन्स्टंट दिलंय. तुम्हीच पिस्टनचं चित्र काढून दाखवलं होतं."

"फर्स्ट रिव्हाइज द चॅप्टर. अँड नो बार्गेनिंग फॉर मार्क्स इन माय क्लास."

मुलं हसली. तिने पेपराची घडी घातली, "ओके सर" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

चार दिवसांनी दुसऱ्या बॅचला तोच भाग शिकवत होतो. दरवर्षीप्रमाणे फळ्यावर दोन चित्रं काढली, एक पक्कं भांडं, एक पिस्टनचं. दुसऱ्याच्या खाली 'कॉन्स्टंट प्रेशर' लिहिताना खडू थांबला. वर्ग कसाबसा संपवला आणि कॉम्प्युटरवर फाइल उघडून पाहिली. पोरीचं उत्तर बरोबर होतं, आणि ते तिला मीच शिकवलं होतं. 

मी सेंटर हेड मूर्ती सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"एका प्रश्नाची आन्सर की चुकलीय. करेक्शन काढावं लागेल," मी म्हणालो.

"कितने बच्चों को फर्क पडेगा?"

"एक मुलगी नक्की वर जाईल. मग दुसरं कुणीतरी खाली येईल."

त्यांनी चष्मा काढला. "देखिए, लिस्ट लग गयी है. अभी बदलेंगे तो पेरेंट्स का ग्रुप आग लगा देगा. नेक्स्ट टर्म में शफल होगा ही. लीव्ह इट."

इथे मी भांडलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी "ओके" म्हटलं आणि बाहेर आलो. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. वर्गासमोर 'मी चुकलो' म्हणावं लागणार नव्हतं, आणि मूर्ती सरांनी नको म्हटलं होतं, ही सबब आयती मिळाली होती. मी फाइलमध्ये उत्तर गुपचूप दुरुस्त केलं. भार्गवीला निदान एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेही केलं नाही.

पुढच्या टर्मला ती वर आली नाही. जिन्यात भेटली की "गुड मॉर्निंग सर" म्हणायची, इंग्रजीत. शंका विचारायला पुन्हा कधी आली नाही.

बारावी संपल्यावर प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. ज्यांचं चांगलं झालं ती मुलं पेढ्यांचे बॉक्स घेऊन आली. भार्गवी आली नाही. आठवडाभर मी तिच्या दुकानावरून स्कूटर तशीच पुढे नेत होतो. शेवटी एका सकाळी थांबलो.

"या या सर! बसा," तिचे वडील गल्ल्यावरून उठले. "भार्गवी, सर आलेत बघ. कॉफी सांग."

भार्गवी मागे रिबिनी गुंडाळत होती. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की सतराव्या प्रश्नाचं तिचं उत्तर बरोबर होतं, मला चार दिवसांत कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तिला सगळ्यांसमोर बोललो त्याबद्दल माफी मागितली.

"अहो सर, होतंय की असं," वडील म्हणाले. "तुम्ही एवढं शिकवलात, ते काय कमी आहे का?" त्या माणसाने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

भार्गवीने रिबीन खाली ठेवली. "आय न्यू, सर," ती म्हणाली. "मी घरी जाऊन दोनदा सोडवलेलं." मग पुढे म्हणाली, "एक्झाममध्ये हाच कॉन्सेप्ट आला. अमोनियाचा प्रश्न होता, कॉन्स्टंट प्रेशरचा. मी आधी बरोबर मार्क केलं. मग तुम्ही बोललेलं आठवलं. मग नो चेंज केलं."



"तसं अजून तीन-चार ठिकाणी केलं मी," ती म्हणाली. "माझं बरोबर वाटलं, तरी बदललं."

एवढं बोलून ती कॉफी आणायला गेली. मी ती कॉफी प्यायलो. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मूर्ती सरांना न विचारता वर्गात करेक्शन वाचून दाखवलं, कोणती टेस्ट, कोणता प्रश्न, चूक कुणाची. समोरची बॅच नवी होती. ती टेस्ट दिलेलं एकही मूल वर्गात नव्हतं. मुलांनी परीक्षेला येईल म्हणून ते वहीत उतरवून घेतलं.

आता प्रश्नातला एक शब्द जरी बदलला, तरी मी आन्सर कीचा रकाना आधी पुसतो आणि प्रश्न कागदावर पहिल्यापासून सोडवतो. दहा मिनिटं लागतात. मूल पेपर घेऊन आलं की तो हातात घेतो आणि वाचून होईपर्यंत तोंड उघडत नाही. त्याला दोन मिनिटं पुरतात. भार्गवीच्या वेळी तेवढीच हवी होती.