दिवस मावळायच्या आत

माझ्या बायकोचं वजन एकशे अठरा किलो हाय. आमी हुपरीचं चांदीवालं, आमच्या घरात वजनाला खोटं बोलता येत न्हाय. पैंजणाचा बारका घुंगरू असला तरी काट्यावर चढल्याशिवाय पुढं सरकत न्हाय. तवा एकशे अठरा म्हंजे एकशे अठरा.

तिचं नाव प्रभावती. उंची पाच फूट एक इंच. पैंजणाला घुंगरू जोडण्यात तिचा हात धरणारी बाई गावात न्हाय. हे मी नवरा म्हणून सांगत न्हाय, धंदेवाला म्हणून सांगतोय. नवरा म्हणून सांगायचं तर, ही बाई दोन वर्षं झाली आडवी पडून झोपलेली न्हाय. आडवी झाली की श्वास अडकतोय. पाठीला तीन उशा लावून खुर्चीत बसूनच डोळा लावती. पलंग लग्नातला, सहा बाय सहा. त्यावर मी एकटा. मला ते लई लागतं, पण बोलायचं कुणाजवळ?

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. "बाबासो, वजन उतरलं नाही तर एखाद्या रात्री श्वास थांबेल आणि परत सुरू होणार नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या." आमी तयार झालो. तारीख बी धरली. मग म्हणाले, "त्याआधी मानसशास्त्राच्या मॅडमना भेटा. त्या तपासून सर्टिफिकेट देतील. ते नसेल तर ऑपरेशन नाही."

माझं टाळकं फिरलं. मी म्हणलं, "डॉक्टर, तिचं पोट वाढलंय. डोकं माझ्यापेक्षा बरं हाय."

"सगळ्यांचंच करतात," डॉक्टर म्हणाले, आन पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता हे गावात कळलं तर काय? 'प्रभाकाकूला डोक्याच्या डॉक्टराकडं न्हेलंय' म्हणून दुपारपर्यंत बसस्टँडवर चर्चा. म्हणून घरात ठरलं, इचारलं तर सांगायचं, उचगावच्या पावण्यांकडं चाललोय.

मग तयारी सुरू झाली. आमची सून आदिती बी.कॉम. हाय. तिनं मोबाईलवर बघून अशा तपासणीत काय काय इचारतात ते सगळं कागदावर उतरून काढलं. रोज दुपारी सासूला समोर बसवून घोकून घ्यायची. मुलगा पारस मशीन बंद करून मधनंच यायचा आन उत्तरं दुरुस्त करायचा.

"आई, राग येतो का?"

"येतो की. परवा तुज्या मामंजींनी..."

"न्हाय म्हणायचं!" पारस वरडायचा.

"बरं, न्हाय."

"रडू येतं का?"

"न्हाय."

"कधी काही खाऊन पस्तावा होतो का?"

"न्हाय."

प्रभावती म्हणाली, "राग न्हाय, रडू न्हाय, पस्तावा न्हाय. मॅडम मला शाणी म्हणंल का धोंडा म्हणंल?" आन हसायला लागली. हसली की तिला दम लागतो, म्हणून आमीच तिला हसू नगं म्हणलं. मग म्हणाली, "लग्नाआधी मला बघायला आलतासा तवा बी माज्या आईनं असंच पढवलंतं. तुमच्या आईनं इचारलंतं, जेवतीस किती? मी म्हणलं, थोडंसंच."

मॅडमच्या दवाखान्यातनं फोन आलता की पंधरा दिवस खाल्लेलं सगळं लिवून आणा. कारखान्यातल्या ऑर्डरीच्या वहीत तिनं लिवायला सुरुवात केली. अक्षर मोत्यासारखं. सकाळी चहा एक कप, भाकरी एक. दुपारी भाकरी दीड, आमटी, भात एक वाटी. संध्याकाळी साडेपाचला भाकरी एक, भाजी. पंधरा दिवस हेच. मी सोता वाचून बघितलं, एक अक्षर खोटं न्हवतं. एवढं तर मी सकाळच्या नाश्त्याला खातो. मी पारसला म्हणलं, हे दाखवलं की मॅडमच चाट पडंल, म्हणंल ही बाई हवा खाऊनच वाढलीया.

मॅडमचं नाव संयोगिता. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना. पोरगी तिशीची, आवाज हळू. मी म्हणलं, ही काय तपासणार! मला भाईर बसवलं आन प्रभावतीला आत घेतलं. पाऊण तास झाला. एवढ्या येळात आमच्याकडं दीड किलो चांदी आटती. शेवटी मला आत बोलावलं.

प्रभावती घाम पुसत हुती. वही टेबलावर उघडी हुती.

मॅडम म्हणाल्या, "काकू, काल संध्याकाळचं मगाशी सांगितलंत ना, ते काकांसमोर पुन्हा सांगा."

प्रभावती म्हणाली, "सांगायचं काय त्यात? साडेपाचला सगळी जेवली. दिवस मावळायच्या आत आमी जेवतो, जैनाचं घर हाय. मग मी संपवलं."

"काय संपवलं?"

"उरलेलं. दोन भाकऱ्या हुत्या, आमटी हुती वाटी-दीड वाटी. भात हुता. पारसच्या ताटातली अर्धी भाकरी. ह्यांच्या ताटातली भाजी. मग ताटात पाणी घालून प्यालो. झालं."

"हे वहीत नाही."

"ते कशाला वहीत?" प्रभावतीला खरंच नवल वाटलं. "वहीत तुमी खाल्लेलं लिवायला सांगितलं. हे खाणं न्हवं, हे संपवणं."

मी मान डोलावली. मला बी तिचं बरोबरच वाटलं.

मॅडमनी मला इचारलं, "संपवायला का लागतं?"

आता हे आमाला कुणी कवा इचारलंच न्हवतं. मी समजावून सांगितलं. दिवस मावळला की खायचं न्हाय. शिळं सकाळी खायचं न्हाय. अन्न टाकणं तर पाप, ताट सुदीक धुऊन पितात. तवा उरलेलं दिवस मावळायच्या आत संपाय पायजे. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिचा नियम घरात हाय. हे सांगताना मला अभिमान वाटत हुता.

"आणि ते संपवायचं कुणी, हे कुठं सांगितलंय?"

मी टेबलावरची वही मिटून ठेवली. शास्त्रात ज्याचं ताट त्यानं संपवायचं असतंय. हे मला ठाऊक हाय, दर चातुर्मासात ऐकतो.

"काकूंचं वजन कधीपासून वाढायला लागलं?"

आमी दोघांनी हिशोब घातला. पारस दहावीला हुता तवा ती बासष्ट किलो हुती. मग वाढत गेलं. मॅडमनी इचारलं, त्या वर्षी घरात काय झालं? कुणी गेलं का? आजारपण? भांडण? मी म्हणलं, काय बी झालं न्हाय. त्या वर्षी आमी म्हैस इकली.

"म्हैस?"

"मागं गोठा हुता. चांदीच्या साखळ्या करायच्या चेन मशीनला जागा न्हवती, म्हणून म्हैस इकली आन गोठ्यात मशीन बसवली."

"त्याआधी उरलेलं कुठं जायचं?"

उरलेलं सगळं पाटीत घालून म्हशीपुढं जायाचं. म्हशीच्या जागी मी मशीन बसवली. म्हशीचं काम कुणाला दिलं, ते मी बारा वर्षांत वळून बघितलं न्हवतं.

मॅडमनी प्रभावतीला आणखी एकच इचारलं. "काकू, भूक लागली म्हणून जेवलात, असं शेवटचं कधी झालं?"

ती लई वेळ आठवत बसली. घुंगरू मोजल्यागत ओठ हालत हुते. शेवटी म्हणाली, "आठवत न्हाय वो."

ह्याला घोकून घेतलेलं उत्तर न्हवतं.

मॅडमनी सर्टिफिकेट दिलं न्हाय. म्हणाल्या, "ऑपरेशननंतर यांचं पोट चहाच्या कपाएवढं राहणार. मग संध्याकाळी सहाला उरलेलं कोण संपवणार? याचं उत्तर घेऊन सहा आठवड्यांनी या."

मी भडकलो. "अवो, तिकडं तिचा श्वास अडकायलाय आन तुमी भाकरीचं काय घेऊन बसलाय? डोकं ठीक हाय का न्हाय, एवढं लिवून द्या की!"

"काकूंचं डोकं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मला तुमच्या घराचं बघायचंय."

गाडीत बसून हुपरीला परत निघालो. प्रभावती एवढंच म्हणाली, "माज्यामुळं तुमाला बोलणी बसली." मला तिचा राग आला, मग माझाच आला.

त्या संध्याकाळी साडेपाचला जेवणं झाली. दोन भाकऱ्या उरल्या, आमटी उरली. सगळी बसून ऱ्हायली. पारस हळूच म्हणाला, "टाकूया." त्याच्याकडं मी असं बघितलं की तो उठून मशीनकडं गेला. प्रभावतीनं सवयीनं पातेल्याकडं हात न्हेला. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे." आन ते सगळं मी खाल्लं.

असं आठ दिवस. नवव्या दिवशी मी काट्यावर चढलो, दोन किलो तीनशे ग्रॅम वाढलो हुतो. पँटचं बटण कपाटाखाली गेलं ते अजून सापडलं न्हाय. आठ दिवसांत मला करपट ढेकर, जळजळ आन संध्याकाळ झाली की धडकी. तिनं हे बारा वर्षं केलं, आन वर वहीत लिवलं, भाकरी एक.

मग मी सैपाकघरात शिरलो. जल्मात पहिल्यांदा. प्रभावतीला इचारलं, अगं, पीठ किती घेतीस? म्हणाली, अंदाजानं, वर दोन भाकऱ्यांचं जास्त. जास्त कशाला? "पावणं आलं तर?" कवा आलंतं? "दिवाळीला." चांदीची धूळ झाडून जपणाऱ्या घरात पिठाला माप न्हवतं. कारखान्यातला मोठा काटा मी ओट्यावर आणून ठेवला. आदिती म्हणाली, मामंजी, हे लई होतंय. मी म्हणलं, होऊ दे. माणशी पीठ मोजून घ्यायचं, ज्याचं ताट त्यानं धुऊन प्यायचं, बास.

दुसऱ्याच आठवड्यात उचगावचा मावसभाऊ गुंडू ऐन साडेपाचला टपकला. एक भाकरी कमी पडली. मी माझी दिली. "बाबासो, धंदा बरा हाय न्हवं?" असं म्हणत गुंडूनं ती खाल्ली. लाज वाटली, पण मेलो न्हाय.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे अकरा. मी पैंजणाच्या पट्टीला डाग देत, म्हंजे सांधे जोडत बसलो हुतो. प्रभावती भिंतीला धरत कारखान्याच्या दारात आली. तोंड उतरलेलं.

"अवो, कसंतरीच व्हायलंय."

माझ्या हातातलं चिमटं पडलं. "श्वास?"

"न्हाय. पोटात. खड्डा पडल्यागत वाटतंय. हात कापायलेत."

मी पारसला गाडी काढ म्हणून वरडलो. आदितीनं आधी डॉक्टरांना फोन लावला, लागला न्हाय, म्हणून मॅडमना लावला, आन स्पीकरवर टाकला. मी म्हणलं, "मॅडम, हिला काय तरी व्हायलंय! लवकर सांगा!"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. छातीत दुखतंय का? न्हाय. घाम? न्हाय. चक्कर? न्हाय. मग इचारलं, "काकू, शेवटचं कधी खाल्लं?"

"आठला. एक भाकरी."

"काकू, तुम्हाला भूक लागलीय."

मशीन बंद, गाडी दारात चालू, आमी चौघं उभं. प्रभावतीनं पोटावर हात ठेवला, आत कोण हाय ते बघावं तसा. "व्हय?" म्हणाली. "अशी असती व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "आधी जेवा. आणि सोमवारी या, मी सर्टिफिकेटवर सही करते."

आदितीनं ताट वाढलं. दोन भाकऱ्या, दोडक्याची भाजी, दही. प्रभावती खुर्चीत बसून जेवली, सावकाश, कुणाकडं न बघता. एकतीस वर्षांत तिला अशी जेवताना मी बघितलीच न्हवती, तोवर मी हात धुऊन उठलेला असायचो. दीड भाकरी झाली आन तिचा हात थांबला. ताटात अर्धी भाकरी उरली हुती, थोडी भाजी. ती ताटाकडं बघत बसली, चोरी केल्यागत तोंड करून.

"आता नगं वाटतंय," म्हणाली. "पोट भरलंय."

"मग ऊठ की."

"हे उरलंय."

दिवस मावळायला सात तास हुते. मी तिच्यापुढचं ताट माझ्याकडं ओढलं. बारा वर्षं तिनं माझ्या ताटातलं खाल्लं, तिच्या ताटातलं मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. मग पाणी घालून ताट फिरवलं आन प्यालो. ती बघत हुती.

"मीठ जास्त झालंय का?" तिनं इचारलं.

"न्हाय," मी म्हणलं. "बरोबर हाय."