ग्रीनवर अनवाणी

नागपुरात गोल्फचं मैदान सांभाळतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी साहेबलोकांबरोबर खेळत असेन. मी आयुष्यात एकदाही तो चेंडू मारलेला नाही. मी गवत सांभाळतो. उमरेडकडच्या आमच्या गावी वडिलांचा जन्म निंदणात गेला, त्यांना माझी नोकरी शेवटपर्यंत पटली नाही. "आमी गवत उपटू उपटू म्हातारे झालो गा, अन् तू त्याले पाणी देऊन राहिला," असं ते म्हणायचे. पण मैदान उन्हाळ्यातही हिरवं राहतं असं माझं नाव झालं होतं.

नाव झालं ते एका सवयीमुळे. ज्या खळीत चेंडू ढकलतात, तिच्याभोवतालच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. रोज उजाडता उजाडता मी बिनसाखरेचा चहा पिऊन मैदानावर जायचो, काठाला चपला काढायचो आणि एकेका ग्रीनवर अनवाणी फिरायचो. देवळात आलात का, म्हणून सभासद चिडवायचे. तळव्याला गारवा लागला की पाणी नीट मुरलंय. कोमट, टोचरं लागलं की ऊन चढायच्या आत तिथे पाणी मारायचं. क्लबाने ओल मोजायचं यंत्र आणलं होतं, ते मी खोक्यातून बाहेरही काढलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात सगळ्या ग्रीन मला सारख्याच लागू लागल्या. कुठे गार नाही, कुठे टोचरं नाही. मला वाटलं, आता हात असा बसलाय की सगळीकडे ओल एकसारखी राहते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच भरात शेवटच्या ग्रीनला आज पाणी नको, असं हेडमाळ्याला सांगितलं. दुपारी ती ग्रीन पाण्यावाचून निळसर झाली आणि संध्याकाळपर्यंत वाळून तिचं तणस झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळालेला भाग बघत फिरत होतो. हेडमाळी मागून आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या पायातून रक्त येऊन राहिलं." वळून पाहिलं तर मी चाललो तिथे तिथे लाल ठिपके होते. टाचेत बाभळीचा काटा पार आत गेला होता. ओढून काढला, तेव्हाही काही झालं नाही. खेळणारे यायच्या आत डाग धुवायला हवेत, एवढंच मनात आलं. भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

सदर भागातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की शुगरने पायाच्या नसा गेल्यात. यापुढे अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. हे बायकोला सांगणं शक्य नव्हतं. तिच्या वडिलांचा पाय असाच एका बारीक जखमेपायी गुडघ्यापासून कापला होता, आणि ते जाईपर्यंत तिनेच त्यांची मलमपट्टी केली होती. मला शुगर निघाली तेव्हाच तिने बजावलं होतं, पायाला काही झालं तर नोकरी सोडायची. म्हणून मी तिला फक्त काट्याचं सांगितलं. फार दुखलं, असंही मुद्दाम सांगितलं.

मग मी बूट घालून जाऊ लागलो. यंत्राचा दांडा जमिनीत खुपसायचा, आकडा बघायचा, पाणी सोडायला सांगायचं. ग्रीन सावरली. कुणालाही फरक कळला नाही. याचं तरी वाईट वाटावं, तर तेही वाटेना. जखम भरली की पुन्हा चपला काढायच्या, एवढं मात्र मी ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी बायको कूलरसमोर माझी पट्टी बदलायला बसली. पट्टी सोडली, आणि केसांतली पिन काढून हातात घेतली. डोळे मिटा म्हणाली. मी मिटले.

"कळून राहिलं का?"

मी थोडं थांबलो. लगेच हो म्हटलं तर तिला संशय येईल, असा हिशेब केला. मग म्हणालो, "हो, टाचेला लावली ना?"

कूलर तेवढा घरघरत होता.

"तुमी हो म्हटलं तवा मी हातच नव्हता लावला," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. पिन खाली पडली होती, आणि तिने माझा तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तो तिने कधी धरला, मला कळलं नव्हतं.