सगळ्यांचं एकच खातं

आमच्या घरात वेगळं असं काही नसतंच. रत्नागिरीहून फणस आला की अर्धा इंद्रलोक भागात आमच्याकडे आणि अर्धा सिल्व्हर पार्कला मोठ्या जाऊबाईंकडे. त्यामुळे लेकीने फोनवर ते एआयचं खातं काढलं, तेव्हा त्याचा पासवर्डही असाच वाटला गेला. तिचं लग्न ठरलेलं. आमंत्रणाचा मजकूर, रुखवतात काय मांडायचं, सगळं त्यालाच विचारायचं. जाऊबाई म्हणाल्या, घरचंच तर आहे, वेगवेगळी खाती कशाला? कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

लग्न महिन्यावर आलं आणि आंघोळ करताना माझ्या हाताला छातीत गाठ लागली.

घरात सांगायची सोय नव्हती. नवऱ्याचं बीपी वाढलं असतं, आणि लेक तर लग्नच अडवून बसली असती. हट्टी आहे, बापावर गेलीय. म्हटलं, एकदा हिच्या डोक्यावर अक्षता पडू देत, मग बघू काय ते. पण जीव थाऱ्यावर नव्हता. सगळे कामावर गेले की ओट्याशी उभी राहून मी त्या एआयला विचारायचे. दुखत नाहीये, म्हणजे चांगलं की वाईट? महिनाभर थांबले तर चालेल का? ते बापडं रोज तेच सांगायचं, थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. एकदा तर मी त्याला बजावलं, हे कोणाला सांगायचं नाही हं.

मग शालू घ्यायला मी आणि जाऊबाई केबिन रोडच्या बाजारात गेलो. दुकानदार "भाभी, ये कलर देखो" करत साड्या उलगडत होता. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या.

"काय गं, ती छातीतली गाठ दाखवलीस का?"

हातातला पदर तसाच हातात राहिला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय? रुखवताचं विचारायला उघडलं, तर वर तुझंच सगळं. आधीचं बोलणं राहतं त्यात. माहीत नाही तुला?"

नव्हतं माहीत. फोन ठेवला की बोलणं संपतं, तसं हेही संपत असेल असं मी धरून चालले होते.

"अजून कोणी वाचलं?"

"मी कोणाला बोलले नाही बाई. पण उघडतात तर सगळेच."

सगळेच म्हणजे दीर, पुतण्या, माझा नवरा. जी गोष्ट मी सख्ख्या बहिणीला बोलले नाही, ती गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखी घरभर फिरली होती. मला इतकी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. शालू न घेताच मी रिक्षात बसले.

घरी कोणी नव्हतं. चपला काढायच्या आधी फोन उघडला आणि जुनं सगळं पुसायला लागले. माझं एकेक पुसत होते, तेवढ्यात मध्येच एक दिसलं जे माझं नव्हतं. वर लिहिलं होतं, लग्न पुढे ढकलण्याचं कारण.

वाचायला नको होतं. वाचलं.

"आईला छातीत गाठ आहे. माझ्या लग्नासाठी ती लपवतेय. मला माहीत आहे हे तिला कळू न देता लग्न पुढे कसं ढकलू? सासरच्यांना काय सांगू?"

मी तिथेच दारात खाली बसले. रोज रात्री ही माझ्यासमोर बसून जेवत होती. मेंदीचं बोलत होती, हसत होती. मीही हसत होते.

तिला ऑफिसात फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि म्हटलं, "उद्या सुट्टी टाक. माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचंय."

"हो," ती म्हणाली. कसल्या डॉक्टरकडे, कशासाठी, हे तिने विचारलंच नाही.