माणूस नसलेले फोटो

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि चौथीनंतर ऱ्हस्व-दीर्घाशी माझी भेट नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर माफ करा.

आमच्या गावात डोंगर-तळ्याचे फोटो काढणारे पहिले म्हणजे आमचे हे. कॅमेरा वणीहून आणलेला, जुना, पण माझ्या नावावर बचत गटाचं कर्ज काढून. "लग्नाचे फोटो काढून फेडतो," म्हणाले. पण यांना माणसंच आवडेनात. माणूस हलतो, पोट आत घेतो, पुन्हा काढा म्हणतो. डोंगर गुपचूप उभा राहतो. म्हणून हे रोज पहाटे तळ्यावर.

लोक फोटो उलटापालटा करून विचारत, "याच्यात हाय कोन?"

"कोनी नाही."

"मंग काढला कायले?"

गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं उभं राहून हप्ता मोठ्यानं सांगायचा असतो. मी "पुढच्या महिन्यात" असं पदरालाच सांगायचे. अध्यक्ष असलेल्या मावशी म्हणायच्या, "जोरात बोल वं, तुह्या डोंगराले आयकू जाऊ दे!" साऱ्या हसायच्या. बैठकीच्या दिवशी मला जेवण जात नसे.

मग मावशींच्याच मुलीचं लग्न निघालं. मंडपवाल्याला स्टेजमागे देखावा हवा होता. त्यानं यांचा तळ्याचा फोटो भिंतीएवढा छापून टांगला. खरं तळं मंडपामागेच होतं, पण नवरदेवाची आत्या म्हणाली, "काश्मीर वाटते, नाही?"

मावशींनी फोटोतल्या पाण्यातल्या एका काळ्या ठिपक्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "काश्मीर कायचं? थे माही म्हैस हाय! शिंग पाह्य ना, एक वाकडं!"

मंगलाष्टकं थांबली. आता आपली शोभा होणार म्हणून मी खांबाआड गेले. पण मावशींनी पाहुण्यांना एकेक करून पुढे आणलं आणि म्हशीची ओळख करून दिली. नवरीचं नाव नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून दारात गर्दी. "भाऊ, माह्या गाईचा काढा, मांगं डोंगर पायजे." यांनी जरा आढेवेढे घेतले, मग म्हणाले, जनावर चालेल, ते पोट आत घेत नाही. पोळ्याला तर झुली घातलेल्या बैलजोड्यांची तळ्यावर रांग लागली. एक बैल कॅमेऱ्याकडे बघेना, तर मालकानं त्याच्यासमोर पुरणपोळी नाचवली.

पोळ्यानंतरच्या बैठकीत जनावरांच्या फोटोंच्या कमाईतून कर्जाचे राहिलेले सगळे पैसे मी मावशींच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि माझ्या नावापुढे लिहिलं, पूर्ण फेड.