खंडेनवमीचा लॅपटॉप

लालबागच्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा मी सातवीत होतो. सेकंडहँड, सुटे भाग जोडून घेतलेला. आईने त्याला ब्लाउजपिसाचा अभ्रा शिवला आणि शेजारीपाजारी चपला दाराबाहेर काढून त्याला बघायला येऊ लागले. मी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याचं पोट उघडून बसलो. वडील गिरणीतले. ते एवढंच म्हणाले की उघडलंस ते बंदही करता आलं पाहिजे. ते जमेपर्यंत मला धड जेवणही सुचत नव्हतं. जमलं त्या दिवशी झालो तितका खूश मी पुन्हा कधी झालो नाही.

त्या वेडापायी इंजिनियर झालो आणि लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत इनोव्हेशन खात्याचा प्रमुख बनलो. इनोव्हेशन म्हणजे काय, असं कुणी विचारू नये म्हणून तिथे भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात. कोड लिहिणं सोडून मला जमाना झाला होता. मी स्लाइड्स करायचो. आमचं शेवटचं अपत्य म्हणजे, ऑफिसातल्या माणसाला तहान लागलीय की नाही हे त्याला कळवणारं अ‍ॅप. हसू नका, अख्खी टीम त्यावर राबली होती.

यंदा कंपनीने खर्चाला कात्री लावली. दसऱ्यानंतर वरच्या साहेबांना अ‍ॅप दाखवायचं. पटलं तर ठीक, नाहीतर आम्हा सगळ्यांना नारळ.

खंडेनवमीला मी नावापुरतं घरून काम करत होतो. सकाळी आईने पाटावर तिचं शिलाई मशीन मांडलं, वडिलांचा पाना ठेवला आणि माझा लॅपटॉपही. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्याकडे पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीपर्यंत कुणी उचलत नाही. मीही निवांत होतो. आणि दुपारी फोन आला, मीटिंग आजच, आत्ता लगेच. परदेशातल्या साहेबांना कसली आलीय नवमी!

मी पाटाकडे वळलो तशी आई म्हणाली, "हात लावू नको हां. देवाकडे आसा तो."

चाळिशी उलटलेला माणूस मी, हाताखाली एवढी पोरं, पण हात काही पुढे होईना. फोनवर फाईल उघडेना. कंपनीच्या लॅपटॉपशिवाय ती उघडायचीच नाही, हा नियम आमच्याच खात्याने मोठ्या हौसेने आणलेला. घ्या आता.

मग गॅलरीत उभं राहून, स्लाइड्सशिवाय, तोंडीच सांगितलं. दोन वाक्यांत संपलं. माझा मलाच धक्का बसला.  मग आजवर माझ्या प्रत्येक स्लाइडला वा वा म्हणणारे मोठे साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, "आज पहिल्यांदा कळलं, तुम्ही नक्की काय करता ते."

खातं तिथेच बंद झालं. आईचा इतका राग आला की जेवताना मी तिच्याकडे बघितलंही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रागापेक्षा जास्त मला स्वतःचीच लाज वाटत होती. तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. आईने लॅपटॉपवरचं कुंकू पदराने पुसलं आणि तो माझ्या हातात दिला. म्हणाली, "उचल आता. कामाक लाग."

मी पासवर्ड टाकला. कंपनीने तो बंद केला होता. आई कौतुकाने शेजारी उभी होती, म्हणून मी बराच वेळ टाइप करत राहिलो.